उजवी बाही

शिंप्याचं आणि उंदराचं वैर जुनं आहे. गिऱ्हाइकाचं भारी कापड नीट घडी करून कपाटात ठेवावं आणि सकाळी त्याची जाळी झालेली पाहावी, हे ज्याने एकदा भोगलंय त्यालाच ते वैर कळेल. मास्तरांनी ते अनेकदा भोगलं होतं. माणूस स्वभावाने इतका मऊ, की अंगावर बसलेली माशीसुद्धा फुंकर मारून उडवायचे. पण उंदीर दिसला की लाकडी पट्टी घेऊन कपाटाखाली आडवे पडायचे. आणि अशा माणसाची एकुलती एक पोर शिकूनसवरून मोठी झाली, ती नेमकी उंदीर सांभाळायच्या कामाला लागली.

"लोक डोंगर पोखरून उंदीर काढतात," मास्तर गिऱ्हाइकांना सांगायचे. "आमची पोरगी उंदीर पोखरून काय काढते ते बघू."

सांगताना आवाजात तक्रार असायची आणि छाती फुगलेली असायची. गिऱ्हाइकंही जुनी होती, त्यांना दोन्ही कळायचं.

पोरीला घरात सुई म्हणत. लहानपणी अंगाने काडी, जिभेने टोकदार आणि बाजारात हमखास हरवणारी, म्हणून मास्तरांनीच ते नाव ठेवलं होतं. आता ती चाळिशीला टेकली होती, अंगाने भरली होती, आणि ट्यूमरवर संशोधन करणाऱ्या एका प्रयोगशाळेत तिच्या शब्दाला वजन होतं. पण घराच्या उंबऱ्याच्या आत ती सुईच. आई ती शाळेत असतानाच गेली. तेव्हापासून घरात तिघंच: मास्तर, त्यांची थोरली बहीण म्हणजे सुईची आत्या, आणि सुई. पुढच्या खोलीत दुकान, मागे स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. घरात कुठेही अनवाणी चालावं तर टाचणी टोचण्याची तयारी ठेवून चालावं.

संध्याकाळी सुई कामावरून आली की मास्तर मशीन थांबवायचे आणि विचारायचे, "उंदीरमामा काय म्हणतात?"

ती काहीतरी सांगायची. कुठल्या उंदराने बोट चावलं, कुठली उंदरीण बाळंत झाली. मास्तर तोंड वाकडं करून सगळं ऐकून घ्यायचे. गेल्या हिवाळ्यापासून मात्र या प्रश्नाला एक जोडप्रश्न आला होता. तो सुई विचारायची.

"हात कसा आहे?"

"ठणठणीत," मास्तर म्हणायचे.

हात ठणठणीत नव्हता. उजव्या दंडावर, खांद्याच्या जरा खाली, आत खोलवर एक गाठ आली होती. आधी सुपारीएवढी, न दुखणारी, म्हणून मास्तरांनी तिच्याकडे काणाडोळा केला. मग सुईने ओढून दवाखान्यात नेलं, तपासण्या झाल्या, आणि सर्जनबाईंनी सरळ सांगितलं: गाठ वाईट आहे, काढावी लागेल, आणि नुसती गाठ काढून भागणार नाही, भोवतीचा स्नायूही जाईल. जीव वाचेल. हात राहील, पण पूर्वीसारखा उचलला जाईल याची खात्री नाही.

"कात्री?" मास्तरांनी विचारलं.

सर्जनबाईंनी उत्तर द्यायला जरा वेळ घेतला आणि त्यातच उत्तर आलं.

मास्तरांची कात्री म्हणजे काय चीज होती ते सांगायला हवं. काळी, जड, लांब पात्यांची. सुईला लहानपणी दोन्ही हातांनीही नीट उचलता यायची नाही. मास्तर ती कापडात घालायचे आणि एका दमात बाहीपासून घेरापर्यंत जायचे. शिवणकाम कुणालाही शिकवता येतं, ते म्हणत, पण कापड कापणं हे हाताला यावं लागतं. आणि तोच हात आता पणाला लागला होता.

इकडे घरात हे, आणि तिकडे प्रयोगशाळेत सुईचा प्रयोग ऐन भरात आलेला.

प्रयोग सांगायला सोपा होता. एका जातीच्या उंदराची गाठ काढून तिचे तुकडे दुसऱ्या जातीच्या उंदरांच्या कातडीखाली लावायचे. परक्याची गाठ म्हटल्यावर या उंदरांचं शरीर तिच्याशी झगडतं. कधी गाठ जिंकते, कधी उंदीर. जे उंदीर जिंकतात त्यांच्या रक्तात त्या गाठीविरुद्धची अँटीबॉडी तयार झालेली असते. मग ते रक्त घेऊन, त्यातलं पाणी म्हणजे सीरम वेगळं काढून, नव्या उंदरांना टोचलं तर? जिंकलेल्यांची हत्यारं हरणाऱ्यांच्या हाती दिल्यासारखं होईल, गाठी विरघळतील, असा सुईचा कयास होता. त्या कयासावर तिने बरीच वर्षं घालवली होती.

अशा प्रयोगात एक पथ्य असतं. माणसाला जे दिसावंसं वाटतं ते त्याला दिसतं, शिकलेल्याला तर जास्तच. म्हणून जो गाठी मोजतो त्याला कुठल्या उंदराला औषध दिलं आणि कुठल्याला नुसतंच साधं सीरम, हे कळू द्यायचं नसतं. अर्ध्या पिंजऱ्यांवर निळी चिठ्ठी, अर्ध्यांवर पिवळी. कुठल्या रंगाला काय, हे फक्त एका सहकारिणीला ठाऊक. टोचण्याचं काम तिचंच. तिला सगळे कुलूपबाई म्हणत. तिच्या घरी पाहुणे कधी येणार हेसुद्धा तिच्या नवऱ्याला पाहुण्यांकडून कळायचं, असं लोक म्हणत.

त्या दिवशी सुई मोजायला उंदीरघरात गेली. उबदार खोली, भुशाचा वास, पाण्याच्या बाटल्यांच्या नळ्यांवर दातांची टिकटिक. निळ्या चिठ्ठीचा एक उंदीर तिने मानेच्या सैल कातडीला धरून उचलला, कॅलिपरचे दोन जबडे गाठीला लावले. मोठी होती. शेजारचीही मोठी. मग ती पिवळ्यांकडे वळली. पहिल्या उंदराची गाठ बोटांना लागेचना. तिला वाटलं, चुकीचा उंदीर उचलला. कानाची खूण पाहिली, तोच होता. गाठ होती तिथे नुसती सुरकुती उरलेली. दुसऱ्याची मसुराएवढी. तिसऱ्याचीही तशीच. उंदीर तिच्या तळहातावर मिशा हलवत बसला होता, आणि सुईचे डोळे भरून आले.

काही उंदीर काहीही न देता आपणहून गाठ परतवतात, हे तिला दुसऱ्या कुणापेक्षाही जास्त ठाऊक होतं. शिकाऊ मुलांना ती हेच बजावायची. पण त्या दिवशी तिने स्वतःला बजावलं नाही. पिवळे म्हणजे औषधवाले, हे तिच्या मनाने परस्पर ठरवून टाकलं. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय.

तरी ती घरी काही बोलली नसती. पण दारातून आत आली तर मास्तर कापायच्या टेबलाशी उभे होते, आणि डाव्या हाताने कात्री चालवून बघत होते. खाली जुन्या चादरीचा तुकडा. उजव्या हाताची कात्री डाव्या हाताचं ऐकत नाही. पाती एकमेकांपासून फाकतात आणि कापड मध्येच दुमडतं. मास्तरांच्या कपाळावर घाम आला होता. तिला पाहताच त्यांनी कात्री घाईने खाली ठेवली आणि नेहमीसारखं विचारलं, "उंदीरमामा काय म्हणतात?"

"बरे होतायत, बाबा," सुई म्हणाली. "गाठी विरघळतायत. मी आज बोटांनी चाचपून बघितलं. काही तर राहिल्याच नाहीत."

मास्तरांनी आत हाक मारली, "अक्का, चहा टाक. आणि दूध जरा जास्त घाल."

आठवड्याने कुलूप उघडलं.

सगळे सरांच्या खोलीत जमले. सर म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. उंच, वाकलेले, कुठलीही गोष्ट नाटक करून दाखवल्याशिवाय त्यांना समजावता येत नसे. कुलूपबाईंनी घसा साफ केला आणि म्हणाल्या, "निळ्यांना औषध दिलं. पिवळ्यांना साधं सीरम."

सुई म्हणाली, "उलटं."

"उलटं नाही. मी स्वतः टोचलंय."

सुई उठून तडक उंदीरघरात गेली. चिठ्ठ्या बदलल्या असतील, कुणी पिंजरे धुताना घोळ घातला असेल. तिने एकेका उंदराचा कान तपासला. घोळ कुठेच नव्हता. ज्यांना तिचं औषध मिळालं होतं, त्यांच्याच गाठी फोफावल्या होत्या. ज्यांना नुसतंच साधं सीरम दिलं होतं, ते उंदीर चाकावर पळत होते. एका निळ्या पिंजऱ्यात एक उंदीर कोपऱ्यात भुसा ओढून पडला होता. तिने त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं आणि चक्क त्याची माफी मागितली. खोलीत कुणी नव्हतं म्हणून बरं.

परत आली तर सर खुशीत होते. "अगं, हे तर सोनं आहे. औषध चुकलं नाही, आपला विचार चुकला. अँटीबॉडी गाठीपर्यंत पोचली, नक्की पोचली. तिला चिकटली. पण मारलं नाही." आणि त्यांनी अंगातला पांढरा कोट काढून डोक्यावरून घेतला. आतून आवाज आला, "आता सांगा, मी कोण?"

"सर, तुम्हीच," कुलूपबाई म्हणाल्या.

"तुम्ही मला आत शिरताना बघितलंत म्हणून. पहारेकऱ्याने नाही बघितलं. शरीरातल्या ज्या पेशी गाठीला मारतात, त्या तिचा चेहरा ओळखून मारतात. तुमच्या अँटीबॉडीने तो चेहराच झाकला. पहारेकरी आले, पांघरुणाखाली कोण आहे ते कळलं नाही, परत गेले. गाठ आत आरामात वाढली."

सगळे हसले. सुईलाही कळलं की सर बरोबर बोलतायत, हे महत्त्वाचं आहे, यातूनच पुढची वाट निघेल. आपण इतकी वर्षं जे संरक्षण म्हणून तयार केलं ते गाठीचंच संरक्षण झालं, हेही कळलं. पण तिच्या डोळ्यांसमोर डाव्या हाताने कापलेली चादर होती, आणि तिला हसू आलं नाही.

वाटेत तिने वाक्य जुळवलं. घरी गेल्या गेल्या सांगायचं. मास्तरांचीच शिकवण होती: शिवण चुकली तर उसवायची, वरून इस्त्री फिरवायची नाही.

घरी मास्तर मशीनला तेल घालत होते. मशीनचं पोट उघडं होतं, चिंधीने एकेक दात पुसणं चाललं होतं, आणि तोंडाने कुठलीशी धून. कित्येक महिन्यांत तिने त्यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं. "वसंतात कोटांची मोठी ऑर्डर आहे," ते म्हणाले. "हो म्हणून सांगितलं. हात बरा व्हायचाच आहे. काय म्हणतात उंदीरमामा?"

"छान आहेत," सुई म्हणाली. "हात कसा आहे?"

"ठणठणीत."

एकदा इस्त्री फिरली की शिवण दिसत नाही. दुसऱ्या दिवशीही ती म्हणाली, छान आहेत. तिसऱ्या दिवशी तर त्यांनी विचारायच्या आधीच म्हणाली. ऑपरेशन तर होणारच आहे, ती स्वतःला समजवायची. तोवर माणूस आनंदात राहिला तर बिघडलं कुठे. ऑपरेशनची तारीख जवळ आली तेव्हा मास्तर म्हणाले, "अगं, त्यांचीच तारीख पुढे गेली. गर्दी आहे म्हणे." सुईने मान हलवली. तेव्हा तिला खरं तर हायसंच वाटलं होतं, आणि नंतर तिला सगळ्यात जास्त लागलं ते तेच.

मग एका दुपारी प्रयोगशाळेत तिला फोन आला. सर्जनबाई होत्या.

"तुमचे वडील दोनदा तारीख देऊनही आले नाहीत," त्या म्हणाल्या. "मी फोन केला तर म्हणतात, घाई नाही, औषध आहे. मी विचारलं, कुठलं? म्हणतात, घरचं. तुम्ही या क्षेत्रातल्या आहात, म्हणून तुम्हाला विचारते. कुठलं औषध देताय तुम्ही त्यांना?"

"मी काही देत नाहीये," सुई म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला कळलं की हे खरं नाही. रोज संध्याकाळी ती देतच होती.

तिला कोट काढायचंही भान राहिलं नाही. तशीच घरी आली. दुपारचं ऊन खिडकीतून टेबलावर पडलं होतं आणि मास्तर एका कोटाचं अस्तर उसवत बसले होते. आत आत्या भांडी आवरत होती.

"आज लवकर? काय म्हणतात उंदीरमामा?"

"वाढल्या, बाबा."

"कोण वाढल्या?"

"गाठी. ज्यांना औषध दिलं त्यांच्याच वाढल्या. ज्यांना नाही दिलं ते बरे झाले."

मास्तरांचा हात थांबला. "त्या दिवशी तर तू म्हणालीस..."

"त्या दिवशी मला माहीतच नव्हतं, कुठल्या उंदराला काय दिलंय ते. लहान गाठी हाताला लागल्या आणि मीच ठरवून टाकलं, हेच औषधवाले. आठवड्याने कळलं की उलटं आहे. आणि कळल्यावरही मी तुम्हाला रोज 'छान' म्हणत राहिले."

"का?"

"तुम्ही मशीनला तेल घालत होतात."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता.

"वाढल्या म्हणजे, कशा काय वाढल्या?" मास्तरांनी विचारलं.

सुईने सांगितलं. औषध गाठीला जाऊन चिकटलं, पण मारायचं सोडून तिच्यावर पांघरूण घालून बसलं. अंगातले शिपाई शोधत आले आणि ओळख न पटून परत गेले.

"आणि ज्यांना पांघरूण नव्हतं, त्यांची गाठ आपणहून गेली?"

"बऱ्याच जणांची गेली."

मास्तरांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. हा प्रश्न येणार हे सुईला वाटेतच कळलं होतं. "म्हणजे मग माझी पण..."

"नाही, बाबा." ती त्यांच्यासमोर टेबलाशी बसली. "त्या उंदरांना लावलेली गाठ दुसऱ्या उंदराची होती. परक्याची. म्हणून शरीराने ओळखली आणि हाकलली. तुमची गाठ तुमच्याच अंगातून झालीये. तुमचं शरीर तिला घरचं माणूस समजतंय. ते तिला हाकलणार नाही."

"घरचं माणूस," मास्तर म्हणाले. त्यांनी डावा हात उजव्या दंडावर ठेवला. "खरंय. बसलीये खरी घरच्यासारखी."

ऊन त्यांच्या बाहीवर पडलं होतं. सुई शिंप्याची पोर होती. तिचे डोळे कापडावर गेले की शिवणीवर जाणारच. उजव्या बाहीच्या शिवणीशेजारी बारीक भोकांची एक रांग होती. जुनी शिवण उसवून कापड सोडलं की अशी भोकं राहतात, कितीही धुतलं तरी बुजत नाहीत. त्या रांगेपलीकडे आणखी एक रांग होती. डाव्या बाहीला एकही नव्हती.

"बाबा, बाही कधी सैल केलीत?"

मास्तरांनी हात काढून घेतला.

"एकदा नाही, दोनदा केलीये," सुई म्हणाली. "सगळ्याच शर्टांची केलीये?"

"तीन शर्टांची," मास्तर म्हणाले. "बाकीचे घालत नाही मी."

"वाढत होती, आणि तुम्ही रोज ठणठणीत म्हणत होतात."

"तुझं औषध यायला वेळ लागणार हे मला कळत नव्हतं का? मला वाटलं, गाठ वाढतेय म्हणून सांगितलं तर तू घाई करशील. घाईत हातून चूक होते. आधीच एवढीशी झोपतेस."

"मला काय लहान पोर समजलात?"

"आणि तू मला काय समजलीस?" मास्तरांचा आवाज पहिल्यांदा चढला. "माझा हात आहे. माझी कात्री आहे. मला खरं कळायला नको?"

दारात आत्या उभी होती, पदराला हात पुसत.

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का?" ती म्हणाली. "तू एक टोपली घातलीस, तिने त्यावर दुसरी घातली. शहाणे आहात दोघं." मग खाली बघत म्हणाली, "तिसरी माझी. शर्ट मीच धुते. भोकं मला कधीच दिसली होती. म्हटलं, दोघं एवढी आनंदात आहेत, आपण कशाला तोंड उघडा."

मास्तर आधी हसले की सुई आधी रडली, हे नंतर दोघांनाही नीट सांगता आलं नाही. आत्याने दोघांच्या मध्ये स्टूल ओढलं आणि सर्जनबाईंचा नंबर लावून फोन मास्तरांच्या डाव्या हातात दिला.

"मी शिंपी बोलतोय," मास्तर फोनवर म्हणाले. "घरचं औषध संपलं. तारीख द्या."

ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण निघाली, कडा स्वच्छ आल्या. सर्जनबाई बाहेर येऊन सुईपाशी बसल्या. "जिवाची काळजी आता कमी आहे," त्या म्हणाल्या. "पण स्नायू ठरवलं होतं त्यापेक्षा जास्त काढावा लागला. आधी आले असते तर थोडा वाचला असता."

हे वाक्य पोटात ठेवणं फार सोपं होतं. मास्तर गुंगीतून बाहेर आले, पाणी प्यायले, दुसऱ्या दिवशी उशीला टेकून बसले. तेव्हा सुईने ते त्यांना सांगितलं.

"थोडा म्हणजे किती?" त्यांनी विचारलं.

"कात्री उचलण्याइतका, कदाचित."

मास्तरांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. बाहेर कुणीतरी चाकांची गाडी ढकलत नेत होतं, तिचा आवाज दूर जाईपर्यंत ते तसेच राहिले. "खरं सांगितलंस ते बरं केलंस," ते म्हणाले. "आता जरा गप्प बस." बऱ्याच वेळाने त्यांचा डावा हात चादरीवरून सरकत आला आणि तिच्या हातावर पडून राहिला. ती क्षमा होती की नुसता हात होता, हे तिने विचारलं नाही. तिला तो पुरला.

कोटांची ऑर्डर परत गेली. मशीनवर झाकण पडलं. मास्तर दुकानात बसायचे, जुनी गिऱ्हाइकं गप्पा मारून जायची, बटणं लावायची, काजं करायची अशी बारीकसारीक कामं आत्या घ्यायची. झाडांना नवी पानं आली तेव्हा मास्तर एका रविवारी सुईला म्हणाले, "तो तुझा पांढरा कोट बघवत नाही. कोपरावर भोक आहे. शिंप्याच्या पोरीने असं फिरायचं?"

त्यांनी टेबलावर पांढरं कापड अंथरायला लावलं. डाव्या हाताने खडू धरून रेघा मारल्या. थरथरल्या, पण पोचल्या. मग काळी कात्री तिच्यापुढे सरकवली. "उचल."

"मी? बाबा, मला जमणार नाही."

"उंदीर कापतेस. कापडाला रक्तसुद्धा येत नाही."

सुईने कात्री उचलली. अजूनही जडच होती. मास्तर मागे उभे राहिले आणि डाव्या हाताने तिचं मनगट धरलं. "पातं पूर्ण मिटू नकोस. मिटलं की कापडाला दात पडतात. पुढे ढकलत जा. थांबू नकोस. थांबलीस. हं, आता पुन्हा." कापड करकर आवाज करत दोन बाजूंना सरकत गेलं. बाहीच्या वळणावर रेघ एकीकडे गेली आणि कात्री दुसरीकडे.

"सरळ आली का?" तिने विचारलं.

मास्तरांनी वाकून बघितलं. "वाकडी आहे. बरीच वाकडी. घे, दुसरी बाही." मग कापड फिरवून देताना, सवयीने, म्हणाले, "उंदीरमामा काय म्हणतात?"

"मागच्या आठवड्यात आणखी काही गेले," सुई म्हणाली. "पांघरूण काढायचा एक उपाय करून बघितला. नाही जमला. पुन्हा करणार."

"हं."

"हात कसा आहे?"

मास्तरांनी नेहमीचा शब्द उच्चारायला तोंड उघडलं. दारात आत्या मटारच्या शेंगांचं भांडं घेऊन उभी होती, तीही थांबली.

"दुखतोय," ते म्हणाले. "आज सकाळपासून फार दुखतोय."

सुईने कात्री खाली ठेवली, त्यांना खुर्ची ओढून दिली, आणि हाताखाली घ्यायला आत्याने आतून उशी आणली.